पुलापलीकडचा चहा

आमच्या नांदेडात चहाला नाही म्हणणं म्हणजे भांडण उकरून काढणं. तुम्ही आत्ताच घेऊन आलात, पित्त झालंय, डॉक्टरांनी बंद केलाय, काहीही सांगा. समोरचा म्हणणार, 'बरं, अर्धा घ्या.' आणि अर्ध्याला नाही म्हणायची सोय कुठल्याच शास्त्रात नाही. अशा गावात सिस्टर साडेतीन वर्षं कुणाच्या घरचा चहा न घेता राहिल्या. चहाच कशाला, पाणीसुद्धा नाही. खांद्याच्या पिशवीत स्टीलची बाटली असायची. कुणाकडेही गेल्या की बसायच्या, म्हाताऱ्यांचं बीपी बघायच्या, सुनांच्या तक्रारी ऐकायच्या, आणि कप पुढे आला की दोन्ही हात जोडून हसायच्या. त्या हसण्यानंतर दुसऱ्यांदा आग्रह करायची कुणाची छाती होत नसे.

विष्णुपुरीच्या रस्त्याला आमची कॉलनी आहे. सिस्टर आमच्या शेजारी, त्यांच्या भावाकडे राहायच्या. भाऊ पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले. सिस्टरना सगळे सिस्टरच म्हणत, सख्खी भावजयसुद्धा. वीस वर्षं त्या एका मदतसंस्थेच्या दवाखान्यांत होत्या, आणि ही संस्था दवाखाने काढायची ते जिथं लढाई चालू असेल तिथंच. मी कॉलेजात राज्यशास्त्र शिकवतो. माझ्या दारावर 'प्राध्यापक' अशी पितळी पाटी आहे. सिस्टरनी ती पहिल्याच दिवशी वाचली, मान डोलावली आणि तेव्हापासून मला मास्तर म्हणायला लागल्या.

त्यांची एक सवय मला आधी खटकायची. ज्या देशात त्या शेवटची चार वर्षं होत्या त्याचं नाव त्या कधी घेत नसत. 'तिकडं' म्हणायच्या. मी एकदा खोदून विचारलं, तेव्हा म्हणाल्या, "नाव सांगितलं की तुम्ही लगेच म्हणणार, हां, ते लोक तसलेच. मग पुढचं ऐकणार कोण?" मी ओशाळलो, कारण मी अगदी तेच म्हणणार होतो. तिथल्या बंदूकवाल्यांना वर्तमानपत्रं जी नावं ठेवतात तीही त्यांच्या तोंडात नसत. केसपेपरवर नाव, वय आणि कुठं लागलंय एवढंच लिहायचं, असा त्यांचा शिरस्ता होता.

नवीन माणूस भेटला की आपल्याकडे दोन प्रश्न ठरलेले असतात: गाव कोणतं, आणि सोयरे कुठले. शिकलेली माणसं हे प्रश्न विचारायला लाजतात. सिस्टर बिलकूल लाजत नसत. त्यांचं म्हणणं असं की ह्या दोन प्रश्नांवर त्यांनी जगात वीस वर्षं काढली. एखादा माणूस कुणाला जुमानत नाही असं सगळे सांगत असतील, तर त्याची सासुरवाडी शोधायची. कुणाचंच न ऐकणारा माणूस त्यांना अजून भेटला नव्हता. "मोठमोठे कमांडर बघितले मास्तर. बायकोच्या मामापुढं मान खाली."

एकदा मी त्यांना माझ्या वर्गावर बोलावलं. धडा होता राज्येतर घटकांचा: सरकार नसलेल्या पण आंतरराष्ट्रीय राजकारणात आपलं वजन पाडणाऱ्या संघटनांचा. बारा वर्षं मी त्या धड्याची व्याख्या आणि चार वैशिष्ट्यं लिहून देत आलो होतो. सिस्टरनी खडू घेतला नाही की खुर्ची घेतली नाही. उभ्या उभ्या विचारलं, "तुमच्या गावात हुकूम कुणाचा चालतो?" पोरांनी सरपंच सांगितला, तलाठी सांगितला, एकाने थेट आमदारालाच आणलं. शेवटच्या बाकावरची माहूरकडची एक मुलगी म्हणाली, नळ सोडणाऱ्याचा. वर्ग हसला. सिस्टर हसल्या नाहीत. त्यांनी तिला उभं करून सगळं विचारून घेतलं: नळ किती वाजता सोडतो, आधी कुठली गल्ली, मागून कुठली, आणि तो घाबरतो कुणाला. मुलगी म्हणाली, "त्याच्या सासऱ्याला. सासरा आमच्या गल्लीत हाय, म्हणून आमचं पाणी आधी."

सिस्टर माझ्याकडे वळल्या. "मास्तर, झाला की तुमचा धडा." मग त्यांनी पोरांना सांगितलं की तिकडंही सरकार होतं, त्याचा झेंडा होता, शिक्का होता, मंत्री होते. पण दवाखान्याचा रस्ता एका पुलावरून जायचा, आणि पुलावर बसलेली तीन माणसं कुठल्याच सरकारच्या कागदावर नव्हती. त्यांनी हात वर केला की गाडी थांबायची, आणि गाडीतली अडलेली बाई तिथंच बाळंत. अशा वेळी राजधानीतला शिक्का दाखवून उपयोग नसतो, नळ सोडणारा कोण ते शोधावं लागतं. त्या वर्षी परीक्षेत निम्म्या वर्गाने नळ सोडणारा लिहिला. मी पूर्ण गुण दिले. दुसऱ्यांदा पेपर तपासणाऱ्यांनी लाल शाईने प्रश्नचिन्ह काढलं, ते मी अजून जपून ठेवलंय.

त्यांचा जन्म नांदेडचा, नर्सिंगचं शिक्षण लातूरचं. भूकंपाच्या वर्षी त्या तिथं पहिल्या वर्षाला होत्या. पोरींना ट्रकमध्ये बसवून गावांत नेलं. कुठल्या कुठल्या देशांतून आलेले डॉक्टर तंबूत काम करत होते. त्यांना कुणी हुकूम दिलेला नव्हता आणि इथल्या कुणाचे ते काही लागत नव्हते. तिथंच ह्या पोरीच्या डोक्यात काहीतरी बसलं. लग्न केलं नाही. भावाची मुलं शिकवली आणि सुट्टी संपली की परत कुठल्यातरी तंबूत जायच्या.

दवाखान्यात हत्यार आणायचं नाही हा नियम सगळीकडे लिहिलेला असतो, पण पाळतो कोण? तिकडचे लोक बंदूक दारात ठेवायला तयार नसत. आपली नेऊन दुसऱ्याने त्याची मोडकी ठेवली तर काय, ही त्यांची खरी अडचण होती, आणि ती सिस्टरच्या आधी कुणी विचारलीच नव्हती. सिस्टरना गुरुद्वाऱ्याचं जोडाघर आठवलं. लहानपणापासून बघितलेलं: चपला खिडकीतून आत द्यायच्या, बिल्ला घ्यायचा, दर्शन झालं की बिल्ला देऊन चपला घ्यायच्या. त्यांनी फाटकाशी लाकडी मांडणी ठोकून घेतली आणि पत्र्याच्या डब्याचे गोल बिल्ले कापून त्यावर आकडे घातले. बंदूक द्या, बिल्ला घ्या. आठ दिवसांत लोक रांगेत उभे राहायला लागले. एकमेकांच्या जिवावर उठलेली दोन टोळ्यांची माणसं गळ्यात बिल्ले अडकवून एकाच बाकावर बसायची, आपापल्या आयांना दाखवायला घेऊन आलेली. हे सांगताना सिस्टर खूश असायच्या.

आता माझ्या आईविषयी सांगायला हवं. आई आमची उदगीरकडची, शेतकऱ्याच्या घरातली, आग्रहाच्या बाबतीत कडक. सिस्टर रोज तिचं बीपी बघायला यायच्या आणि रोज कप तसाच परत जायचा. आई वरून काही बोलायची नाही. एक दिवस भाजी निवडता निवडता मला म्हणाली, "मला कळलंय ती काहून घेत न्हाई ते." मी विचारलं, काहून? आईने हातातली जुडी खाली ठेवली. मग म्हणाली, "माझ्या सासूनं त्यांच्या लोकांसाठी कप वेगळा ठेवला व्हता. गोठ्याच्या खिडकीत. मीच वरून चहा वतायची. आता ती फेडून राहिली. फेडू दे. तिचा हक्कच हाय."

 तो कप मीही पाहिला होता, कान तुटलेला. इतकी वर्षं आम्ही दोघांनी त्याचं नाव काढलं नव्हतं. सिस्टर बौद्ध आहेत हे आम्हाला माहीत होतं आणि त्यात काही विशेष नाही असं आम्ही धरून चाललो होतो. आईच्या मनात मात्र तो कप रोज सकाळी दहा वाजता येऊन बसत होता. मी त्याच संध्याकाळी धरणाकडे फिरायला जाताना सिस्टरना गाठलं आणि आईचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं.

सिस्टर रस्त्यातच थांबल्या. "काय सांगता मास्तर! काकूंना असं वाटलं?" मग कठड्यावर बसल्या, आणि त्या दिवशी मला करीमची गोष्ट कळली.

करीम त्यांच्या गाडीचा ड्रायव्हर. तिथलाच माणूस, दोन मुलींचा बाप. तरुणपणी शेजारच्या देशात निर्वासितांच्या छावणीत राहिलेला, म्हणून उर्दू जाणणारा. सिस्टर त्याच्याशी नांदेडच्या गल्लीतलं दखनी बोलायच्या, हौ आणि नक्को, आणि तो गाडी चालवता चालवता हसायचा. नदीच्या अलीकडे एक टोळी, पलीकडे दुसरी. सरकार तालुक्याच्या गावापाशी संपायचं. दोन्ही टोळ्यांनी दवाखान्याच्या गाडीला वाट दिली होती, ती एका अटीवर: दोन्हीकडची माणसं तपासा, पण कुणाच्या घरात बसून काही खायचं-प्यायचं नाही. तिकडं ज्याच्या घरचा चहा घेतला त्याचे तुम्ही झालात. तो तुमच्यासाठी जीव देईल, आणि त्याचे वैरी तेही आपसूक तुमचे होतील.

अलीकडच्या कमांडरच्या म्हाताऱ्या आईच्या पायाला साखरेची जखम होती. सिस्टर दर आठवड्याला उंबऱ्यात बसून ती धुवायच्या. तीन महिन्यांनी जखम भरली. त्या दिवशी म्हातारी पहिल्यांदा भिंत धरून चालली, आत गेली, स्वतः चहा केला आणि कप घेऊन पुढे उभी राहिली.

"बिनदुधाचा व्हता, इलायचीचा," सिस्टर म्हणाल्या. "माझी आजी अशीच उभी राहायची, मान वाकडी करून. तुम्ही सांगा मास्तर, म्हाताऱ्या बाईनं दुखऱ्या पायानं आणलेला कप खाली कसा ठेवायचा? आपल्याला शिकवलंच न्हाई कुणी ते." त्यांनी घेतला. आत जाऊन, बसून. म्हातारीने न विचारता आणखी अर्धा ओतला, तोही घेतला. बाहेर करीमने दोनदा हॉर्न वाजवला.

चौथ्या दिवशी पलीकडच्या टोळीने पुलावर गाडी थांबवली. बंदूकवाला सिस्टरच्या बाजूच्या खिडकीत वाकला आणि हळूच मोडक्या उर्दूत म्हणाला, "उधर की चाय कैसी थी?" तोवर पलीकडच्या दाराने करीमला खाली ओढलं होतं. सिस्टरना चालत जायला सांगितलं. गाडी आणि करीम तिथंच राहिले.

संस्थेने तिसऱ्या दिवशी सिस्टरना भारतात पाठवलं आणि दवाखान्याला काही आठवडे कुलूप लागलं. नियम मोडला म्हणून कुणी शब्दाने बोललं नाही, आणि त्याचाच त्यांना जास्त त्रास झाला. "वीस वर्षं दुसऱ्यांना नियम शिकवला. आन् एका कपासाठी माणूस घालवला." करीम सुटावा म्हणून चहा सोडायचा नवस केलात का, असं काहीतरी मी बोललो असेन, कारण त्या एकदम तडकल्या. नवस-बिवस आपण करत नाही, म्हणाल्या. दुसऱ्याच्या घरचं काही घशाखाली उतरत नाही एवढंच. आधी त्या दिवसाला सात कप चहा घ्यायच्या असं त्यांच्या भावाने मला नंतर सांगितलं.

मी घरी येऊन आईला सगळं सांगितलं. आई म्हणाली, "एवढंच व्हतं व्हय." पण तिचा चेहरा काही हलका झाला नाही. दुसऱ्या दिवसापासून तिने सिस्टरपुढे कप ठेवणं बंद केलं, आणि त्या येऊन जाईपर्यंत स्वतःही चहा घेईना.

दर शुक्रवारी दुपारी सिस्टर ओसरीवर बसून करीमच्या बायकोला फोन लावायच्या; तीही त्याच छावणीत उर्दू शिकलेली. शुक्रवार तिकडचा सुट्टीचा दिवस. कधी लागायचा, कधी तासभर नुसती घरघर. 'हौ, बोलो माँ' एवढं मला माझ्या खिडकीतून ऐकू यायचं. फोन ठेवला की त्या आत जाऊन एक जुनं भिंतीवरचं कॅलेंडर काढायच्या. त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर त्यांनी पलीकडच्या टोळीची सोयरीक काढली होती. कमांडर मध्यभागी. त्याची बायको कुठल्या खोऱ्यातली, तिचे भाऊ किती, कुणाची लेक कुठं दिली, कोण कुणावर रुसलंय. ती नावं माझ्या विषयाच्या एकाही पुस्तकात नव्हती. मी मोठमोठ्या टोळ्यांवर लिहिलेली जाडजूड पुस्तकं वाचली होती. त्यांत शस्त्रं कुठून येतात, पैसा कुठून येतो हे असायचं. कमांडरची मेहुणी कुठं नांदते हे कुणी लिहिलेलं नव्हतं.

मीही माझ्या परीने उद्योग केला. परराष्ट्र खात्याला, त्या देशाच्या वकिलातीला आणि आणखी दोन ठिकाणी द्यायचं इंग्रजी पत्र चार दिवस खपून लिहिलं. सिस्टरनी चष्मा लावून ते पूर्ण वाचलं. "लई सुंदर लिहिलंय मास्तर. पण पुलावर हे वाचणार कोण?" पत्र पाठवलं. आपल्याकडून उत्तर आलं की सदर इसम भारतीय नागरिक नाही. त्यांच्याकडून उत्तर आलं नाही. ज्याच्यासाठी लिहायचं तो माणूस कुठल्याच सरकारला आपला वाटत नव्हता, आणि ज्यांनी नेलं त्यांचा पत्ता कुठल्याच पोस्टात नव्हता. हे मी बारा वर्षं शिकवत होतो. कळलं तेव्हा.

पहिली वाट कमांडरच्या सासऱ्याची होती. करीमची बायको दोन दिवस चालून त्याच्या दारात जाऊन आली. तो शब्द टाकतो म्हणाला आणि त्याच हिवाळ्यात वारला. सिस्टरनी कॅलेंडरवर त्याच्या नावाभोवती चौकट काढली. त्यानंतर बर्फाने रस्ते बंद झाले आणि तीन-चार महिने नुसते शुक्रवार गेले. मी म्हणायचो, सिस्टर, आता आशा... त्या वाक्य पुरं होऊ देत नसत. मला खरंच वाटायचं की करीम कधीच संपला असेल, आणि ही बाई एका मेलेल्या माणसाची सोयरीक जुळवत बसलीय. तसं वाटल्याची आज लाज वाटते.

चौथ्या उन्हाळ्यात एका शुक्रवारी करीमच्या बायकोने बोलता बोलता एका घराचं नाव घेतलं, आणि सिस्टर ताडकन उठून उभ्या राहिल्या. त्या घरची सून दवाखान्यात बाळंत झाली होती. मूल पायाळू, आईचा जीव टांगणीला, आणि सिस्टर रात्रभर तिच्या उशाशी. त्या सुनेची नणंद म्हणजे कमांडरची बायको. कॅलेंडरवर ही रेघ इतके दिवस राहूनच गेली होती, कारण सिस्टरनी पुरुषांकडून पुरुषांकडे रेघा ओढल्या होत्या. "गाढव हाय मी," त्या मला म्हणाल्या. "जन्म गेला बायकांच्या वॉर्डात, आन् शोधत बसले सासरे-मेहुणे."

करीमची बायको त्या सुनेकडे गेली. पायाळू पोरगी आता अंगणात पळत होती. सुनेने ऐकून घेतलं, आणि पुढच्या सणाला नणंद माहेरी आली तेव्हा तिच्या कानावर घातलं. नणंदेने नवऱ्याला काय सांगितलं, कसं सांगितलं, ते जगात कुणालाच माहीत नाही. पाच आठवड्यांनी, एका सोमवारी, शेजारून भांडं पडल्यासारखा आवाज आला आणि मागोमाग सिस्टर मोठ्याने रडल्या. करीम घरी पोचला होता.

त्या शुक्रवारी त्यांनी मला मुद्दाम बोलावलं, फोन समोर धरायला. पडद्यावर दाढी पांढरी झालेला, गालफडं बसलेला माणूस आला.  मग सिस्टर त्यांच्या त्या दखनीत म्हणाल्या की माफ कर करीमभाई, त्या चहाच्या पायी तुझी साडेतीन वर्षं गेली. करीमने कपाळाला आठ्या घातल्या.

"किस चाय की बात करते हो सिस्टर? उनका ड्रायवर भाग गया था. गाडी चलानेवाला चाहिए था, बस. कोई भी गाडी आती, उसी को पकडते." आणि हसला. पुढचे दोनच दात उरले होते.

फोन बंद झाला.  मी म्हटलं, बघा, उगाच जिवाला लावून घेतलंत. त्यांनी मान हलवली. "खोटं बोलून राहिला." कशावरून, मी विचारलं. "चार वर्षं त्याच्या बाजूच्या सीटवर बसले मास्तर. कळत न्हाई व्हय?"

मग पदर सारखा करून उठल्या आणि आमच्या फाटकाकडे चालायला लागल्या. मी मागे. वाटेत म्हणाल्या, "एवढ्या लांबून पाठवलंय त्यानं. परत कसं करायचं?" आई स्वयंपाकघरात होती. सिस्टर थेट आत गेल्या, ओट्याजवळच्या पाटावर बसल्या. "काकू, चहा टाका."

आईने वळून बघितलं. हातातली वाटी खाली ठेवली. "किती?"

"एक. मग अर्धा."

आईने पातेलं चढवलं. आलं किसून टाकलं. आपल्या रोजच्या कपात तिने सिस्टरना चहा दिला आणि समोर बसून त्या पितात कसं ते बघत राहिली. दुसरा अर्धा ओतताना आई म्हणाली, "माझ्या सासूच्या घरचं बी पोचलं असं समजू का?" सिस्टरनी आईच्या गुडघ्यावर हात ठेवला. त्या हो म्हणाल्या नाहीत, नाहीही म्हणाल्या नाहीत. मी दारात उभा राहून रडलो, आणि हे लिहायला मला संकोच वाटत नाही.

त्यानंतर वर्षभर रोज चार वाजता सिस्टर आमच्याकडे चहाला यायच्या. एक, मग अर्धा. आईशी काय काय बोलायच्या ते मला कधी कळलं नाही. मी गेलो की दोघी विषय बदलायच्या. सिस्टरचं हृदय दुबळं झालंय हे त्यांना ठाऊक होतं, आम्हाला त्यांनी कळू दिलं नाही. एका दुपारी साडेचार वाजले तरी आल्या नाहीत म्हणून आई बघायला गेली. खुर्चीत बसल्या बसल्याच गेल्या होत्या. पायात चपला होत्या, म्हणजे निघालेल्या होत्या.

दुःखाच्या घरी चूल पेटत नाही, शेजारपाजारच्यांनी चहा न्यायचा असतो. तीन दिवस आईने ती किटली दुसऱ्या कुणाला धरू दिली नाही. सत्त्याहत्तर वर्षांची बाई, दोन्ही हातांनी किटली धरून फाटकातून जायची, सगळ्यांना स्वतः ओतायची.

चौथा दिवस शुक्रवार होता. दुपारी सिस्टरचा फोन वाजला. भावाने बघितलं आणि काही न बोलता माझ्या हातात दिला. मी माझ्या मोडक्या हिंदीत करीमला सांगितलं.  मग त्याने एकच विचारलं, "चाय पीती थी?"

मी म्हटलं, हौ. रोज. चार बजे. एक, फिर आधा.

तो रडत असावा. माझ्या तोंडाशी प्रश्न आला होता: खरं सांगा करीमभाई, त्या दिवशी पुलावरून तुम्हाला नेलं ते चहापायीच ना? मी जन्मभर पोरांना सांगत आलोय की प्रश्न मनात ठेवू नका. मी तो विचारला नाही. उलट त्यानेच मला माझं नाव विचारलं, गाव विचारलं, घरात कोण कोण आहे, आई कशी आहे, आईचं माहेर कुठलं तेही विचारलं. मी सगळं सांगितलं.

फोन ठेवताना तो म्हणाला, "अगले जुम्मे को?"

मी म्हटलं, "हौ."